टीएसएच ६.९: थकव्याच्या एका रिपोर्टचं वाचन

वनिताबाई (नाव बदललं आहे), वय ३९, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. घरी चार एकर कोरडवाहू, दोन मुलं, म्हातारी सासू. स्वतःच्या वावरातलं काम आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जातात. घर माळकरी, त्यामुळे मटण तर नाहीच, अंडंही नाही. माझ्याकडे आल्या तेव्हा कापसाचा दुसरा वेचा चालू होता आणि त्यांनी तो अर्ध्यात सोडला होता. त्यांच्या भागात बाई वेचणी अर्ध्यात सोडते तेव्हा दुखणं साधं नसतं, एवढं मला इथे इतकी वर्षं दवाखाना चालवून कळतं.

तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "म्याडम, वावरात जाते त दोन तास झाले का हातपाय गयून जातेत. थायराईड निंघालं म्हणते. महिना होत आला गोयी घेऊन रायली, पण अंगात जीवच नाई. उलटं छाती धडधडते आता."

सोबत प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट होता. तालुक्याच्या गावी शिबिर लागलं होतं, हजार-बाराशे रुपयांत सत्तरच्या वर तपासण्या. रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर आला, त्याने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. चौदा पानं, आणि जे आकडे मर्यादेबाहेर ते ठळक. गावातल्या एका जणाने त्यातला टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) पाहून थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करून दिली. केस गळतात म्हणून मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्याही घेतल्या होत्या. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या मात्र घरात पडून होत्या, कारण त्यांनी शौचाला काळं होतं आणि पोटात जळजळ होते.

रिपोर्टमधलं महत्त्वाचं इथे देते. टीएसएच ६.९ (त्या लॅबची वरची मर्यादा ४.२), थायरॉइडची संप्रेरकं, म्हणजे एकूण टी-३ आणि टी-४, मर्यादेत. व्हिटॅमिन डी १२. बी-१२ १७६. हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही ८४, आरडीडब्ल्यू २१ (लाल पेशींच्या आकाराचे हे दोन आकडे, त्यांच्याकडे पुढे येते). रक्तातलं लोह ३४, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता) ४३०. उपाशीपोटी साखर ९२, पण एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.१. मूत्रपिंड, यकृत ठीक. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, पॅकेजमध्ये नव्हतंच.

ठळक आकड्यांबद्दल आधी एक गोष्ट सांगायला हवी. लॅबची 'नॉर्मल' मर्यादा बहुधा अशी ठरते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे निरोगी माणसाचाही प्रत्येक तपासणीत वीसात एकदा आकडा बाहेर पडणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर किमान एक ठळक आकडा निघण्याची शक्यता साधारण ६४ टक्के होते. इथे तर सत्तर. त्यामुळे काही ना काही 'निघणं' हे पॅकेजच्या रचनेतच आहे. प्रश्न इतकाच की निघालेल्यांपैकी कोणता आकडा या बाईच्या थकव्याला पुरून उरतो.

गावात उत्तर ठरून गेलं होतं: थायरॉइड. हल्ली बाई थकली, जाड झाली, केस गळले, चिडचिडी झाली की पहिलं नाव थायरॉइडचंच येतं. मी तिथूनच सुरुवात केली, कारण गोळी चालू होती आणि छातीत धडधडत होतं.

टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी थायरॉइडला काम वाढवायला सांगते ती या टीएसएचमार्फत. थायरॉइड कमी पडू लागली की टीएसएच आधी वाढतो, आणि टी-४ बराच काळ ठीक राहतो. टीएसएच वाढलेला, पण फ्री टी-४ (रक्तातला मोकळा टी-४) मर्यादेत, अशा अवस्थेत बहुतेकांना लगेच गोळी लागत नाही. टीएसएच दहाच्या वर असेल तर आपण उपचाराकडे झुकतो. बाई गरोदर असेल किंवा मूल हवं असेल तर नियमच वेगळे, तिथे वाट बघत बसायचं नसतं. साठी-सत्तरीपुढे उलट थोडा वाढलेला टीएसएच वयाचाच भाग असू शकतो. ६.९ हा या सगळ्याच्या मधला आकडा. शिवाय एकाच नमुन्यावरचा. तो दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहिला तर बऱ्याच जणांचा आपोआप खाली आलेला असतो.

वनिताबाईंच्या बाबतीत तो तात्पुरता वाढण्याला कारणंही होती. शिबिराच्या तीनेक आठवडे आधी त्यांना ताप आला होता, प्लेटलेट कमी झाल्या म्हणून सलाइन लावून तीन दिवस ठेवलं होतं. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही काळ वर जातो. दुसरं, रक्त सकाळी साडेसहाला घेतलं. टीएसएच रात्री उशिरा ते पहाटे सर्वांत जास्त असतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे पहाटेचा नमुना थोडा वर दिसू शकतो. आणि तिसरं कारण याच रिपोर्टमध्ये दोन पानं पुढे होतं, त्याकडे येते.

बरं, थकव्याला थायरॉइड जबाबदार धरायची तर तपासताना आणखी काही सापडायला हवं होतं. नाडी मंद हवी होती, ती मिनिटाला १०४ होती. बद्धकोष्ठ नाही, थंडी सोसत नाही असंही नाही, आवाज घोगरा नाही, गळ्याला सूज नाही, वजन वाढण्याऐवजी किंचित घटलेलं. घोट्याचा झटका हातोडीने पाहिला, तोही नेहमीच्याच वेगाने परतला. खालच्या पापणीचा आतला भाग मात्र पांढुरका होता. जीभ गुळगुळीत, लाल, तिखट सोसत नाही. पायांना मुंग्या. ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर धरला तर कंप नीट कळेना. नखं चपटी होऊन कडेला उचललेली. म्हणजे शरीर सांगत होतं रक्त, आणि गोळी चालू होती थायरॉइडची.

हिमोग्लोबिन ९.६. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली ॲनिमिया, ८ ते १०.९ म्हणजे मध्यम. हा आकडाही ठळक होता, पण कुणी त्याकडे पाहिलं नाही. त्यालाही कारण आहे. आमच्याकडे नऊ-दहा हिमोग्लोबिन इतकं सर्रास दिसतं की ते कमी वाटेनासंच झालंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमियात होत्या. जे घरोघरी असतं ते आजार म्हणून मोजलंच जात नाही. शिबिरातही रिपोर्ट समजावणाऱ्याने म्हणे सांगितलं, "रक्त थोडं कमी आहे, बीट खा."

आता एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, आकडा ८० च्या खाली येतो. बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या, आकडा १०० च्या वर. वनिताबाईंचा ८४, अगदी मधला, ठळक नसलेला. तो पाहून पेशी ठीक आहेत असं वाटेल. पण शेजारी आरडीडब्ल्यू २१ आहे. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते हा आकडा सांगतो, आणि तो साधारण साडेचौदापर्यंत असावा. सरासरी नॉर्मल आणि फरक प्रचंड, याचा अर्थ काही पेशी फार लहान, काही फार मोठ्या, आणि दोन्ही मिळून सरासरी बिनचूक. यंत्राच्या आकड्यावर न थांबता काचपट्टीवर रक्त पसरून पाहायला सांगितलं. लहान फिकट पेशी होत्या, मोठ्या अंडाकृती पेशी होत्या, आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांचे पाचाहून जास्त खंड पडलेले होते. हे शेवटचं बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडच्या कमतरतेचं जुनं, भरवशाचं लक्षण. सत्तर तपासण्यांनी जे सांगितलं नाही ते एका काचपट्टीने सांगितलं, आणि तिचा खर्च पॅकेजपुढे किरकोळ.

लोहाचं गणित रिपोर्टमध्येच होतं, फक्त कुणी भागाकार केला नव्हता. लोह ३४ भागिले टीआयबीसी ४३० म्हणजे ८ टक्के. १६ टक्क्यांच्या खाली गेलं की शरीराला लोह पुरत नाही असं धरतात. तरी मी फेरिटिन करून घेतलं. रक्तातलं लोह म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यातलं पीठ, आजच्या जेवणावर वरखाली होणारं. फेरिटिन म्हणजे कणगीतली जवारी. ते ७ आलं. १५ च्या खाली साठा संपलेला समजतात, आणि प्रत्यक्षात ३० च्या खाली असलं तरी आम्ही सावध होतो. एक अडचण मात्र लक्षात ठेवायची: अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं. त्यामुळे चांगलं आलेलं फेरिटिन कधी फसवू शकतं, कमी आलेलं फसवत नाही.

आता वर सांगायचं राहिलेलं तिसरं कारण. थायरॉइडचं संप्रेरक तयार करणारं जे एन्झाइम आहे, त्याला काम करायला लोह लागतं. लोहाची मोठी कमतरता असलेल्या बाईत टीएसएच थोडा वाढलेला दिसू शकतो. एचबीए१सी ६.१ चंही तसंच. रिपोर्टखाली 'मधुमेहपूर्व' छापलं होतं आणि घरात साखर बंद झाली होती. पण लोह कमी असलं की लाल पेशी जास्त दिवस रक्तात फिरतात आणि हा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. उपाशीपोटीची साखर ९२ असताना मी त्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणजे ठळक आकड्यांपैकी दोन हे तिसऱ्याचीच सावली असण्याची दाट शक्यता होती.

विदर्भात ॲनिमिया म्हटलं की सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि आमचा यवतमाळही त्या पट्ट्यात येतो. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावोगाव तपासणी वाढली आहे, तरी चाळिशीच्या कितीतरी बायांची झालेली नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची प्राथमिक, सोल्युबिलिटी चाचणी करून घेतली, निगेटिव्ह आली. ती पॉझिटिव्ह आली असती तरी 'एएस' वाहक (आई-बापांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलेलं) असणं हे थकव्याचं कारण सहसा नसतं. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण वाहक असल्याचं कार्ड हातात पडल्यावर पुढची सगळी दुखणी त्याच कार्डावर ढकललेली मी पाहिली आहेत.

लोह कुठे गेलं हा खरा प्रश्न. मी पाळीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मुलगा बाहेर गेला का ते. मग म्हणाल्या, "महिना आला का आठ-नऊ दिवस चालते. पयले तीन दिवस त वावरात जाताच येत नाई. गाठी पडतेत. पण बायाइले असतेच ना ते." किती वर्षं? धाकट्याच्या बाळंतपणानंतर तीन-चार वर्षांनी सुरू झालं असावं. दोन तासांत कापड बदलावं लागतं, रात्रीही उठावं लागतं. हा प्रश्न शिबिरात कुणी विचारला नव्हता, गोळी देणाऱ्यानेही नाही. पोटाची सोनोग्राफी केली, गर्भाशयात चारेक सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठ.

बी-१२ चा उलगडा सोपा होता. ते फक्त प्राणिज अन्नात असतं, दूध-दह्यात थोडं, भाजीपाल्यात नाही. घरची एक गाय, दूध डेअरीला जातं, चहापुरतं उरतं. त्यात भर म्हणजे 'गॅसची गोळी': सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल, दोन-अडीच वर्षं रोज, कुणी बंद करा म्हटलं नाही म्हणून चालूच. पोटातलं आम्ल सतत दाबून ठेवलं की बी-१२ आणि लोह दोन्हीचं शोषण घटतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही बी-१२ असंच उतरतं. १७६ हा आकडा २०० च्या खालचा, सोबत मुंग्या आणि ती काचपट्टी, म्हणजे शंकेला जागा नव्हती. २०० ते ३०० च्या मध्ये आला असता तर लक्षणांवर ठरवावं लागलं असतं.

व्हिटॅमिन डी १२ बद्दल मला फार उत्साह नाही. यवतमाळच्या उन्हात राबणाऱ्या बाईत डी कमी कसं, असं मुलाने विचारलं. वेचणीला जाताना लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-तोंडाला दुपट्टा, हातात कापडी मोजे. ऊन लागणार कुठे? २० च्या खाली कमतरता, त्यामुळे उपचार द्यायचा. पण नुसत्या थकव्याला डी जबाबदार आहे याचा पुरावा कच्चा आहे. मांड्या-कंबर दुखणं, उकिडवं बसून उठता न येणं, हे त्याचं जास्त खरं लक्षण. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची डी सरसकट तपासू नका असंच सांगितलं. आणखी एक, डीचा आकडा वाचताना एकक बघा. नॅनोग्रॅममध्ये ३० म्हणजे छान, नॅनोमोलमध्ये ३० म्हणजे कमतरता, कारण मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे अडीच नॅनोमोल. वेगवेगळ्या लॅबचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'वाढलं' म्हणणारे भेटतात.

थकव्याची बाकी कारणंही चाचपली. दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळचा ताप, असलं काही नव्हतं. मन खचलंय का, हेही विचारलं. कर्जाचं ओझं होतं, पण जगण्यात रस होता. झोप विचारली तर रात्री अकरा ते पहाटे साडेचार, मध्ये सासूला उठवणं. ही गोष्ट मी कागदावर लिहून ठेवली, कारण ती कोणत्याच नळीत सापडणार नव्हती.

उपचार. थायरॉक्सिन बंद. ती गोळी त्या चहाबरोबरच घेत होत्या, म्हणजे शोषली जात असेल तरी अर्धवट, पण १०४ नाडीच्या ॲनिमियातल्या बाईला तिची गरज नव्हती. ज्यांना ती खरंच लागते त्यांनी मनाने बंद करू नये, आणि उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, लोह-कॅल्शियमपासून चार तास दूर. बायोटिनही बंद, कारण मोठ्या मात्रेत ते थायरॉइडच्या तपासणीतच घोळ घालतं: अनेक यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवतं. पॅन्टोप्रॅझोल आठवडाभर एक दिवसाआड घेऊन मग थांबवली.

बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. लोह त्याच दिवशी सुरू केलं. लाल सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड देत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं, म्हणून बी-१२ आधी किंवा निदान बरोबर. आणि बी-१२ मिळताच अस्थिमज्जा भराभर पेशी बनवू लागते, त्याला लोह लागतंच. जळजळ होत होती म्हणून गोळी रात्री, लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर, चहा पुढे-मागे दोन तास नाही. शौच काळं होणं म्हणजे गोळी लागू पडत नाही असं नव्हे, हे दोनदा सांगितलं. अनवाणी वावरात जातात म्हणून जंतांची अल्बेन्डाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी. डी ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधाबरोबर. आठ म्हणजे आठच. हीच पुडी रोजची समजून घेणारे येतात, आणि मग रक्तातलं कॅल्शियम चढून उलट्या आणि मूत्रपिंडाचा त्रास सुरू होतो. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, आणि गाठीसाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं.

सगळं एकदम दिल्याने नक्की कशाने गुण आला हे कळत नाही, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. बरोबर आहे. पण तिन्ही कमतरता कागदावर सिद्ध होत्या आणि बाई वीस किलोमीटरवरून येणार होती. संशय होता तो थायरॉइडवर, म्हणून गोळीशिवाय वाट पाहायची ती फक्त त्याची.

महिन्याने हिमोग्लोबिन १०.९, धडधड गेली, जीभ बरी झाली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू १५. एचबीए१सी ५.६, घरात साखर परत आली. टीएसएच ४.४, फ्री टी-४ मर्यादेत, थायरॉइडविरोधी टीपीओ अँटिबॉडी निगेटिव्ह. तो ४.४ रिपोर्टवर अजून ठळकच होता आणि मुलगा बेचैन होता. वर्षाने पुन्हा बघू, मध्ये काही जाणवलं तर आधी, असं ठरलं. बी-१२ ची इंजेक्शनं चालू असताना ते तपासण्यात अर्थ नव्हता, आकडा वरच येणार. डीही पुन्हा केलं नाही, ते पैसे वाचवले.

थकवा किती गेला? त्यांच्या हिशेबाने बारा आणे. पूर्ण दिवस वेचणी होते, पायांच्या मुंग्या कमी आहेत पण आहेत, नसांना वेळ लागतो. उरलेल्या चार आण्यांत पाच-साडेपाच तासांची झोप आहे. त्यावर नवऱ्याला बोलावून बोलले, सासूचं रात्रीचं उठवणं आता मुलगा आणि तो वाटून घेतात, निदान तसं सांगतात.

गाठीचं ऑपरेशन त्यांनी हंगाम संपेपर्यंत पुढे ढकललंय. स्त्रीरोगतज्ज्ञांनीही घाई सांगितलेली नाही. याच भेटीत कळलं की हिमोग्लोबिन बारा झाल्याचं ऐकून त्यांनी लोहाची गोळी दहा दिवसांपूर्वीच थांबवली होती. फेरिटिन १९ होतं. डबा भरला होता, कणगी अजून तळाशीच, आणि गाठ असेपर्यंत ती दर महिन्याला उपसली जाणार. गोळी पुन्हा सुरू केली, किमान आणखी तीन महिने, आणि पुढच्या वेळी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन करायचं हे मुलाच्या मोबाइलमध्ये तारखेसकट टाकून दिलं.